पीठकिड्याचे जीवनसत्त्व आणि धावपटूचा डबा

हरियाणातील फरीदाबाद येथे केंद्र शासनाचे वनस्पती संरक्षण, संगरोध व साठवण संचालनालय आहे. 1939 मध्ये स्थापन झालेली टोळ इशारा संघटना आज याच संचालनालयाचा भाग आहे. मे 2020 मध्ये टोळांचे थवे अमरावती जिल्ह्यातून विदर्भात शिरले; 27 जून रोजी फरीदाबादच्या शेजारच्या गुरुग्रामचे आकाश टोळांनी भरून गेले. वाऱ्याची साथ असेल तर टोळधाड दिवसाला 150 किलोमीटरपर्यंत मजल मारते. उड्डाणाच्या आरंभी टोळ रक्तातील शर्करा वापरतो. लांबच्या पल्ल्यासाठी मात्र तो साठवलेला मेद जाळतो.

मेदाम्ले पेशीतील ऊर्जाकेंद्रांत, म्हणजे तंतुकणिकांत, पोहोचवण्यासाठी एक वाहक लागतो. त्याचे नाव कार्निटिन. टोळाच्या पंखांचे स्नायू असोत की माणसाच्या मांडीचे, वाहक हाच. ‘चरबी जाळा, दम वाढवा’ अशा जाहिरातींसह व्यायामशाळांत विकले जाणारे पूरक द्रव्यही हेच होय.

कार्निटिनचे महत्त्व ध्यानी आले ते एका धान्यकिडीमुळे. 1905 मध्ये रशियन रसायनशास्त्रज्ञांनी ते मांसाच्या अर्कातून वेगळे केले होते. परंतु त्याचे कार्य अज्ञात राहिले. पुढे 1940 च्या दशकात कीटकशास्त्रज्ञ गॉटफ्रीड फ्रेंकेल यांना आढळले की, सर्व ज्ञात जीवनसत्त्वे देऊनही टेनेब्रिओ मॉलिटर या पीठकिड्याच्या अळ्या शुद्ध घटकांच्या आहारावर जगत नाहीत; त्यात यीस्ट किंवा यकृताचा अर्क मिसळला तर जगतात. या अज्ञात घटकास त्यांनी ‘बी-टी’ जीवनसत्त्व म्हटले. ‘टी’ हे अक्षर टेनेब्रिओचे. खाशाबा जाधवांनी हेलसिंकीत कांस्यपदक जिंकले, त्याच 1952 साली हर्बर्ट कार्टर, पी. के. भट्टाचार्य, वायडमन आणि फ्रेंकेल यांनी हे जीवनसत्त्व म्हणजे कार्निटिनच असल्याचे सिद्ध केले. कार्निटिनविना वाढलेल्या अळ्या उपाशी ठेवल्या असता अंगात मेद शिल्लक असतानाच मरत. कोठार भरलेले, पण माल वाहून नेणारा हमाल नाही, अशी ती अवस्था.

येथे एक भेद लक्षात घ्यावा लागतो. पीठकिड्यास कार्निटिन आहारातून मिळावे लागते. माणसाचे यकृत व मूत्रपिंडे ते लायसिन व मेथिओनिन या अमिनो आम्लांपासून स्वतः तयार करतात. त्यामुळे शाकाहारी निरोगी व्यक्तीलाही त्याची उणीव सहसा भासत नाही. काही जन्मजात विकारांत ते औषध म्हणून आवश्यक ठरते, पण तो वैद्यकाचा विषय आहे. पूरक म्हणून घेतलेल्या मात्रेचा लहानसा अंशच रक्तात शोषला जातो. एका प्रयोगात रोज 4 ग्रॅम कार्निटिन टार्ट्रेट भरपूर कर्बोदकांसह 24 आठवडे दिले, तेव्हा स्नायूंतील प्रमाण सुमारे एकपंचमांश वाढले. न शोषलेल्या भागाचे आतड्यातील जीवाणू ट्रायमिथाइलअमाइनमध्ये रूपांतर करतात. काहींच्या घामाला माशासारखा वास येतो तो यामुळेच.

महाराष्ट्र पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुले 1600 मीटर, तर मुली 800 मीटर धावतात. काही मिनिटांच्या या वेगवान धावण्यात मुख्य इंधन कर्बोदकांचे असते, मेदाचे नव्हे. या चाचणीसाठी मेदवाहकाचा डबा विकत घेणे म्हणजे वडिलांच्या शेतमालाचे पैसे अस्थानी खर्चणे होय.

अमिनो आम्लांपासून बनलेली सर्वच पूरके निरुपयोगी आहेत, असे मात्र नाही. कीटकांचे स्नायू झटपट ऊर्जेसाठी आर्जिनिन फॉस्फेट साठवतात, तर माणसाचे स्नायू क्रिएटिन फॉस्फेट. रोज 3 ते 5 ग्रॅम क्रिएटिन घेतल्यास निरोगी प्रौढ खेळाडूंच्या अल्पकालीन, जोरकस हालचालींत लाभ होतो, हे अनेक प्रयोगांत दिसले आहे. शरीरात पाणी साठून वजन थोडे वाढते, एवढे मात्र ध्यानात ठेवावे. ल्युसिन, आयसोल्युसिन व व्हॅलिन यांच्या मिश्रणाची गोष्ट निराळी. ल्युसिन स्नायूबांधणीला चालना देते. परंतु इतर आवश्यक अमिनो आम्ले उपलब्ध नसतील तर बांधकाम पुढे सरकत नाही.

ही सर्व आम्ले आपल्या ताटात एकत्र येतात. गहू-ज्वारीत लायसिन कमी, तर डाळींत मेथिओनिन कमी. भाकरीबरोबर पिठले किंवा उसळ आली की एकाची उणीव दुसरे भरून काढते. दूध व अंडी यांत तर सर्व आवश्यक अमिनो आम्ले असतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 च्या आहार मार्गदर्शिकेत शरीर कमावण्यासाठी प्रथिन पूरके टाळण्याचाच सल्ला दिला आहे. स्पर्धेतील खेळाडूने आणखी एक जोखीम ओळखावी: डब्यात नकळत प्रतिबंधित द्रव्य मिसळलेले निघाले, तरी उत्तेजक चाचणीत जबाबदार धरला जातो तो खेळाडूच.

शेतकरी कुटुंबाच्या हाती एक उपाय नक्की आहे. हरभरा, मूग, तूर साठवणीत भुंग्याने पोखरली की घरच्या प्रथिनांचाच साठा घटतो. कडधान्य कडक वाळवून, गार करून हवाबंद पिशवीत वा कोठीत ठेवावे आणि वेळोवेळी तपासावे. पूरकाचा डबा घेण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत: हे द्रव्य आपले शरीर स्वतः बनवते का, आणि आपल्या खेळाला त्या इंधनाची गरज आहे का? पीठकिड्याला निवड नव्हती. माणसाला ती आहे.