उत्क्रांती कुणाच्या बापाची मालमत्ता नाही!

संगणकावरचे खेळ म्हणजे रिकामटेकड्या पोरांचा नाद, असे समजून आपल्या चळवळीने या विषयाकडे आजवर पाठच फिरविली. परंतु जीवसृष्टी कशी घडली, या प्रश्नाचे उत्तर मुले जेव्हा खेळातून शिकू लागतात, तेव्हा तो पोरखेळ राहत नाही. पुरुषाच्या मुखातून कोण जन्मला आणि पायांतून कोण, हे ज्या देशात पिढ्यान्‌पिढ्या पढविले गेले, त्या देशातील आम्हाला तर या प्रश्नाकडे दुर्लक्ष करणे परवडणारच नाही.

सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या बलाढ्य कंपनीने 'स्पोर' हा खेळ बाजारात आणला. 'सिमसिटी'कर्ते विल राइट यांची ही कल्पना. पाण्यातील एका पेशीपासून सुरुवात करायची. मग प्राणी, टोळी, नागरी संस्कृती आणि शेवटी अंतराळ, असे पाच टप्पे गाठायचे. गाजावाजा प्रचंड झाला. पण कंपनीने खेळाला कुलूप घातले. रोख पैसे मोजलेल्या ग्राहकालाही तो सुरुवातीला तीनच वेळा संगणकावर बसवून सुरू करता येत असे. ग्राहक खवळले, प्रकरण कोर्टात गेले. आणि एवढे कुलूप लावूनही 'स्पोर'ची फुकट उतरविलेली प्रत घराघरांत पोहोचलीच!

दुसरा दोष याहून मोठा. 'सायन्स' या नियतकालिकाने ऑक्टोबर २००८ मध्ये शास्त्रज्ञांकडून हा खेळ तपासून घेतला, तेव्हा उत्क्रांतीच्या विषयात तो नापास ठरला. कारण उघड आहे. खेळणारा ब्रह्मदेवासारखा बसतो. वाटेल तेव्हा पाय लावतो, वाटेल तेव्हा पंख. निसर्गाची निवड कुठे दिसतच नाही. नाव उत्क्रांतीचे आणि कारभार निर्मात्याचा!

यावर नुसती बोंब न मारता काही चाहत्यांनी काय केले? त्यांनी स्वतःच खेळ बांधायला घेतला. त्याचे नाव 'थ्राइव्ह'. जगभरातील स्वयंसेवक वर्षानुवर्षे त्यावर खपत आहेत. त्याची संगणकीय संहिता कुणालाही वाचता येते, बदलता येते, पुढे वाटता येते. २०२१ साली तो 'स्टीम' या बाजारपेठेत विकतही आला, पण फुकट उतरविण्याची वाट खुलीच राहिली. खेळ अजून पुरा झालेला नाही. भर आहे तो सूक्ष्मजीवांच्या टप्प्यावर. येथे पेशीला ग्लुकोज मिळवावे लागते, ऊर्जेचा हिशेब सांभाळावा लागतो. एका पिढीत किती बदल करायचे यालाही मर्यादा आहे. इतर जीव परिस्थितीप्रमाणे आपोआप बदलतात, तगतात किंवा नष्ट होतात. हात येथेही खेळणाऱ्याचाच आहे, हे खरे. पण निकाल परिस्थिती देते.

वकील म्हणून आम्हाला कुणी विचारील, की ही चोरी नव्हे काय? नव्हे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात स्पष्ट केले, की कॉपीराइट कल्पनेवर नसतो, ती ज्या रूपात मांडली त्या मांडणीवर असतो. 'स्पोर'ची चित्रे, संगीत, संहिता कंपनीची. पण पेशीपासून माणसापर्यंतची कहाणी कुणाच्या बापाची मालमत्ता नाही. ज्ञानावर मक्तेदारी सांगणाऱ्यांचे कायद्याने चालू दिले नाही, तर सामान्य माणसे काय उभारू शकतात, याचा हा पुरावा आहे.

आता आपल्या घराकडे पाहू. जानेवारी २०१८ मध्ये तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी औरंगाबादेत डार्विनचा सिद्धांत चुकीचा असल्याचे ठणकावले. २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकातून उत्क्रांती वगळली गेली. अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ व शिक्षकांनी निषेधाचे पत्र काढले. महाराष्ट्राच्या २०१८ च्या दहावीच्या पुस्तकात मात्र पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती' असा आला.

या एका धड्याचे मोल आमच्या मुरबाड तालुक्यातील वैशाखरे गावी कळते. गाव कल्याण-नगर रस्त्यावर, माळशेज घाटाच्या अलीकडे. समोरचा काळा कडा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. या पट्ट्यातील ठाकर, कातकरी, महादेव कोळी, कुणबी, बौद्ध मुलांपैकी कित्येकांचे विज्ञान दहावीलाच संपते. तेथे धडा गाळला, की त्यांच्या आयुष्यातून उत्क्रांती कायमची गेली. उरते ती पोथीतली उत्पत्ती.

जीवशास्त्रात वर्गीकरणाच्या शेवटच्या पायरीला 'जाती' म्हणतात, आणि त्या पायरीवर सर्व माणसांची जाती एकच. सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्तात तथागतांनी हेच सांगितले आहे: गवत, झाडे, कीटक, मासे, पक्षी यांत जन्माने भिन्न खुणा दिसतात, माणसांत तशा दिसत नाहीत. १९३६ साली 'जातिनिर्मूलन' ग्रंथात बाबासाहेबांनीही जात म्हणजे वंश हा दावा खोडून काढला.

म्हणून आमचे आपल्या अभियंता तरुणांना सांगणे आहे. 'थ्राइव्ह'ची भाषांतरे स्वयंसेवकच करतात. मराठीच्या कामाला हात लावा. विहारातील, समाजमंदिरातील संगणकावर तो खेळ बसवा आणि शेजारी दहावीचा तो धडा उघडून ठेवा. संविधानाच्या कलम ५१-क (ज) ने वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य ठरविले आहे. पुस्तकातून धडा काढणाऱ्यांना तो मुलांच्या डोक्यातून काढता येऊ नये, एवढी तजवीज तर आपण नक्कीच करू शकतो.