प्राण यांनी नाकारलेले ‘फिल्मफेअर’

पुरस्कार : सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेता, १९७३. चित्रपट ‘बेइमान’ (१९७२), भूमिका हवालदाराची.

कारण : स्वतःवर अन्याय झाला म्हणून नव्हे, दुसऱ्यासाठी. त्या वर्षीचा संगीताचा पुरस्कार ‘बेइमान’च्याच शंकर-जयकिशन यांना मिळाला. तो ‘पाकीजा’च्या गुलाम मोहम्मद यांचा होता, असे प्राण यांचे म्हणणे. गुलाम मोहम्मद १९६८ मध्येच वारले होते. ‘पाकीजा’ पडद्यावर आला फेब्रुवारी १९७२ मध्ये. पार्श्वसंगीत नौशाद यांनी पूर्ण केले.

आधीची फिल्मफेअर : ‘उपकार’ (१९६७) आणि ‘आँसू बन गये फूल’ (१९६९). ती मात्र स्वीकारली.

इतर नकार
- वैजयंतीमाला : ‘देवदास’ (१९५५). चंद्रमुखी ही नायिकाच, सहायक नव्हे, ही भूमिका.
- जॉर्ज सी. स्कॉट : ‘पॅटन’, ऑस्कर, १९७१.
- मार्लन ब्रँडो : ‘द गॉडफादर’, ऑस्कर, मार्च १९७३. हॉलिवूडने अमेरिकेतील मूलनिवासींना दिलेल्या वागणुकीचा निषेध. म्हणजे प्राण यांचा नकारही त्याच वर्षीचा.

पुढे : प्राण यांना पद्मभूषण २००१ मध्ये. २०१२ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार प्रकृतीमुळे मुंबईत घरी जाऊन देण्यात आला. निधन १२ जुलै २०१३.