टाळं लागण्याआधीची नोटीस

अचलपूरच्या फिनले मिलची चाकं मार्च २०२० च्या टाळेबंदीत थांबली. टाळेबंदी उठली, पण राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या इतर गिरण्यांप्रमाणे ही गिरणीही पूर्ववत सुरू झाली नाही. कामगारांच्या वाट्याला आंदोलनं आणि वाट पाहणं आलं. वऱ्हाडाला हे नवं नाही. १९७४ मध्ये केंद्र सरकारने देशभरातल्या १०३ आजारी गिरण्यांचं राष्ट्रीयीकरण केलं. त्यांत अकोल्याच्या सावतराम आणि मोहता या गिरण्या होत्या, अचलपूरची विदर्भ मिलही होती. त्यांचे भोंगे केव्हाच बंद झाले. धंदा बुडाला तर कारखाना बंद होणार, हे एक वेळ मान्य करू. पण तो बंद होणार हे तिथे राबणाऱ्या माणसाला कधी कळावं? माझ्या मते या प्रश्नाचं उत्तर कारखान्यात किती माणसं आहेत यावर ठरता कामा नये. आगाऊ सूचना मिळणं हा प्रत्येक कामगाराचा हक्क आहे.

कायदा काय सांगतो ते आधी पाहू. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहितेने घेतली आहे. सलग वर्षभर सेवा झालेल्या कामगाराची कपात करायची तर त्याला कारणासह महिनाभराची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार द्यावा लागतो. शिवाय सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला १५ दिवसांच्या सरासरी पगाराइतकी भरपाई द्यावी लागते आणि सरकारलाही कळवावं लागतं. रोज ५०० रुपये मिळवणाऱ्या, दहा वर्षं काम केलेल्या माणसाची भरपाई ७५,००० रुपये होते. नोटिशीचा पगार वेगळा. ५० किंवा अधिक कामगारांचा कारखाना कायमचा बंद करायचा तर सरकारला ६० दिवस आधी कळवणं आवश्यक आहे. मोठ्या कारखान्यांना कपातीसाठी तीन महिन्यांची नोटीस आणि सरकारची परवानगी, दोन्ही लागतात. या अटी शोभेच्या नाहीत. नोटीस आणि भरपाई न देता केलेली कपात बेकायदा ठरते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्येच हॉस्पिटल मजदूर सभेच्या खटल्यात स्पष्ट केलं. महाराष्ट्रातल्या जुन्या नियमांत तर कपातीच्या किमान सात दिवस आधी कामगारांची ज्येष्ठता यादी फलकावर लावण्याची तरतूद होती. शेवटी आलेला आधी जाणार हे तत्त्व पाळलं जातंय की मर्जीतली माणसं वाचवली जाताहेत, हे त्या एका कागदावरून कोणालाही पडताळता यायचं.

अडचण आहे ती हे संरक्षण कुणाला मिळतं यात. परवानगीची अट १९७६ मध्ये आली तेव्हा ती ३०० कामगारांच्या कारखान्यांना होती. पुढे ती मर्यादा १०० वर आली आणि नव्या संहितेने पुन्हा ३०० वर नेली. म्हणजे २५० माणसांच्या कारखान्याला आता परवानगीही नको आणि तीन महिन्यांची नोटीसही नको. वऱ्हाडात मात्र तीनशेचा कारखाना हाच अपवाद आहे. इथला रोजगार जिनिंग-प्रेसिंगमध्ये, अकोल्याच्या दालमिलांमध्ये आणि एमआयडीसीतल्या छोट्या युनिटांमध्ये विखुरलेला आहे. त्यातही सलग वर्षाची सेवा म्हणजे बारा महिन्यांत २४० दिवसांचं काम. कापसाचा हंगाम दिवाळीच्या सुमाराला सुरू होतो आणि उन्हाळा लागता लागता ओसरतो. वर्षानुवर्षं त्याच जिनिंगवर येणाऱ्या माणसाचे २४० दिवस भरतील कसे? आणि कंत्राटदारामार्फत आलेल्याचं नाव तर कारखान्याच्या हजेरीपटावर नसतंच.

यावर उद्योजकांचा आक्षेप आहे आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. बंद करणं अवघड असेल तर सुरू कोण करेल, असं ते विचारतात. अनुशेषाने गांजलेल्या वऱ्हाडात हा प्रश्न जास्तच बोचतो. पण परवानगी आणि नोटीस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परवानगी मालकाचा हात धरते, नोटीस फक्त त्याला बोलायला लावते. अमेरिकेत कपातीसाठी सरकारची परवानगी लागत नाही, तरीही १९८८ च्या कायद्यानुसार १०० किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या कंपनीला सामूहिक कपातीआधी ६० दिवसांची सूचना द्यावी लागते. तेव्हा परवानगीची मर्यादा वाढवायची असेल तर खुशाल वाढवा, पण तिच्याबरोबर नोटिशीची मुदत छाटण्याचं कारण नाही. दुसरा आक्षेप असा की आधी सांगितलं तर कामगार काम टाकतात, बँका आणि गिऱ्हाइकं बिथरतात. त्याची सोय महिनाभराच्या नोटिशीत आधीपासूनच आहे. सांगायचं नसेल त्याने तेवढ्या दिवसांचा पगार हातावर ठेवावा. छोट्या मालकाला हे झेपणार नाही म्हणावं, तर एका महिन्याच्या पगाराचा धक्का त्याच्यापेक्षा कामगाराच्या घराला कितीतरी मोठा बसतो. तेवढ्या अवधीत मुलांची फी, किराण्याची उधारी, बचत गटाचा हप्ता यांची काही सोय लावता येते आणि दुसरं काम शोधता येतं.

अमरावतीजवळ आता सुमारे हजार एकरांवर पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्क उभा राहतोय. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याची पायाभरणी झाली. तिथे येणाऱ्या कारखान्यांना जमीन आणि सवलती देताना सरकारने एक अट घालावी : कामगार पन्नास असोत की पाचशे, कायम असोत की कंत्राटी, कपातीआधी किमान दोन महिन्यांची लेखी नोटीस द्यायची आणि तिची प्रत कामगार कार्यालयात पाठवायची. हंगामी कामगाराचे दिवस मोजताना एका वर्षाऐवजी त्याने केलेले सगळे हंगाम धरावेत. कामगारांनीही हजेरी कार्ड, पगाराची पावती आणि पीएफचं पासबुक जपून ठेवावं. २४० दिवस सिद्ध करायची वेळ येते तेव्हा हेच कागद कामी येतात. आणि हिशेब चुकता झाल्याच्या कागदावर सही करण्याआधी एकच प्रश्न विचारावा : माझी नोटीस कुठे आहे?