खेळणी व पुस्तके : फडताळात की मुलांच्या हाती?

शेतीच्या हंगामात आईबाप रानात गेले, म्हणजे वाडीतील चार-सहा लहान मुले एखाद्या आजीबाईच्या किंवा शेजारणीच्या घरी सांभाळात राहतात. शाळेत येणाऱ्या कित्येक मुलांची धाकटी भावंडे अशाच घरी वाढत असतात. तेथे खेळणी थोडी व पुस्तके त्याहून थोडी. ती मोडतील, फाटतील या भीतीने फडताळात वर ठेवली जातात. वस्तू सुरक्षित राहतात. परंतु पुस्तक कधीही न हाताळलेले मूल पहिलीच्या वर्गात येऊन बसते. पुस्तक सुलटे धरणे व पान उलटणे येथपासून मग त्याचा आरंभ होतो.

1907 साली रोम शहरातील सान लोरेंझो या गरीब वस्तीत डॉ. मारिया मॉन्टेसरी यांचे बालगृह सुरू झाले. तेथेही प्रारंभी साहित्याचे कपाट कुलपात असे व वस्तू शिक्षिकेनेच वाटावयाच्या, असा प्रघात होता. एके दिवशी कपाट उघडे राहिले. शिक्षिका येऊन पाहते तो मुलांनी आपापल्या पसंतीच्या वस्तू काढून कामास आरंभही केला होता. शिक्षिकेस ती चोरी वाटली. मॉन्टेसरीबाईंना मात्र त्यात मुलांची निवड करण्याची पात्रता दिसली. पुढे तेथे मुलांच्या हातास येतील अशी ठेंगणी कपाटे आली.

याकरिता पैसा फार लागतो, असेही नाही. ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य सुरू केले. अनुताई वाघ यांच्या साहाय्याने त्यांनी शिंपले, बिया, पाने, माती अशा भोवतालच्या वस्तूंतून खेड्यास परवडणारे साहित्य सिद्ध केले.

मुले सांभाळणाऱ्या बाईस शिक्षकांनी पुढील गोष्टी समजावून द्याव्यात. एका वेळी थोड्याच वस्तू बाहेर ठेवाव्यात व आठवड्याने त्या बदलाव्यात. प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली असावी. दुसरी घेण्यापूर्वी पहिली जागेवर ठेवण्याची सवय लावावी. एकाच्या हातातील वस्तू दुसऱ्यास हिसकावू देऊ नये. पाळी येईपर्यंत थांबण्यास शिकवावे. दोन वर्षांच्या आतील मुलास थांबणे कळत नाही. त्यास तशीच दुसरी वस्तू द्यावी. चिंचोके, मणी, गोट्या यांसारख्या घशात अडकणाऱ्या वस्तू तीन वर्षांखालील मुलांच्या हाती मुळीच देऊ नयेत. मोठ्या मुलांनी त्या वेगळ्या जागी बसून खेळाव्यात व लगेच मोजून उंचावर ठेवाव्यात. पान फाटल्यास मारू नये. मुलास जवळ बसवून, त्याच्यादेखत खळ व कागदाची पट्टी लावून ते जोडावे. वस्तू जपावी कशी, हे मुलास अशा वेळी समजते.

शाळेतील चित्रांची पुस्तकेही पुष्कळदा नोंदवहीच्या भीतीने पेटीतच राहतात. वापराने जीर्ण झालेले पुस्तक रीतसर निर्लेखित करता येते. म्हणून दर शनिवारी मोठ्या भावंडाकडे एक पुस्तक नोंद करून घरी द्यावे, धाकट्यास ते वाचून दाखविण्यास सांगावे व सोमवारी परत घ्यावे. पेटी उघडण्याचा आरंभ शिक्षकांनी आपल्या शाळेपासून केला, तर घरची फडताळेही उघडतील.