हलकी पीडीएफ (लेखांक ९) : काळ्या-पांढऱ्या पानातला धोका

या आठवड्यात फॉन्टच्या पोटात शिरायचं, असं मागच्या लेखात ठरलं होतं. तो विषय एक आठवडा पुढे ढकलतो आहे, कारण मधल्या काळात एक पत्र आलं आणि त्यातला प्रश्न थांबवून ठेवण्यासारखा नाही. सांगली जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत आयुष्यभर हिशेब लिहिलेले एक वाचक लिहितात : संस्थेच्या जुन्या खतावण्या आणि छापील ताळेबंद स्कॅन करून ठेवायचं काम चालू आहे. पानं काळ्या-पांढऱ्यात घेतली आहेत. अ‍ॅक्रोबॅटच्या पीडीएफ ऑप्टिमायझरमध्ये ‘मोनोक्रोम इमेजेस’ या भागात जेबीआयजी२ हे कॉम्प्रेशन निवडलं की लॉसी (काही तपशील गाळणारा) आणि लॉसलेस (काहीही न गाळणारा) असे दोन पर्याय येतात. लॉसी घेतलं तर फाइल आणखी लहान होते, आणि भिंग लावून पाहिलं तरी अक्षरं ठसठशीतच दिसतात. मग लॉसी का घेऊ नये?

घेऊ नये. हिशेबाच्या कागदांना तर मुळीच घेऊ नये. असं का, हे सांगण्यासाठी आजचा अख्खा लेख खर्च करणार आहे, कारण फाइल लहान करण्याच्या सगळ्या सेटिंगमध्ये मला सर्वांत धोकादायक वाटणारी सेटिंग हीच आहे.

ऑप्टिमायझरच्या इमेजेस पॅनेलमधल्या रंगीत आणि ग्रेस्केल या दोन भागांबद्दल आपण मागच्या लेखांत बोललो. तिसऱ्या, मोनोक्रोमच्या भागाकडे सहसा कोणी वळत नाही. खरं तर मोठी बचत तिथेच आहे. ए४ आकाराचं पान ३०० डीपीआयने स्कॅन केलं की २४८० गुणिले ३५०८, म्हणजे सुमारे ८७ लाख पिक्सेल होतात. रंगीत स्कॅनमध्ये प्रत्येक पिक्सेलला तीन बाइट लागतात, म्हणजे कोणतंही कॉम्प्रेशन करण्याआधी पान २६ एमबीचं. ग्रेस्केलमध्ये तेच पावणेनऊ एमबी. काळ्या-पांढऱ्यात प्रत्येक पिक्सेलला फक्त एक बिट, म्हणून पान जेमतेम १.१ एमबीचं. काहीही न दाबता चोवीस पटींचा फरक पडला.

त्यानंतर दाबायचं कसं, याच्या दोन मुख्य रीती आहेत. पहिली सीसीआयटीटी ग्रुप ४. ही १९८४ सालची, फॅक्ससाठी ठरवलेली पद्धत. ती पान ओळीओळीने वाचते आणि वरच्या ओळीपेक्षा या ओळीत काळ्या-पांढऱ्याच्या सीमा कुठे सरकल्या, तेवढंच नोंदवते. कोरा समास जवळपास फुकटात जातो. टाइप केलेलं साधं पान एक एमबीवरून काही डझन केबींवर येतं आणि एकही ठिपका हरवत नाही. चाळीस वर्षं झाली तरी ही पद्धत ठणठणीत आहे.

दुसरी जेबीआयजी२. हे मानक २००० साली आलं आणि २००१ मध्ये पीडीएफच्या १.४ आवृत्तीत दाखल झालं. याचे दोन चेहरे आहेत आणि घोळ तिथेच होतो. पहिल्या चेहऱ्यात प्रत्येक पिक्सेलच्या आजूबाजूचे, आधी येऊन गेलेले पिक्सेल पाहून पुढचा काळा असेल की पांढरा याचा अंदाज बांधला जातो, आणि त्या अंदाजाच्या आधारे पान दाबलं जातं. अंदाज चुकला तर जागा जास्त लागते इतकंच, चित्र तसंच्या तसं परत मिळतं. हे लॉसलेस. ग्रुप ४ पेक्षा फाइल लहान होते आणि धोका शून्य.

दुसरा चेहरा छापखान्यातल्या खिळ्यांसारखा चालतो. एन्कोडर पानावरचा प्रत्येक सुटा काळा आकार उचलतो. तसाच दिसणारा आकार आधी येऊन गेला असेल तर नवा साठवत नाही. आधीच्या खिळ्याचा क्रमांक आणि पानावरची जागा एवढंच लिहून ठेवतो. पानात तीनशे वेळा येणारं अक्षर एकदाच साठवलं जातं. कल्पना फार देखणी आहे. मानकात एक सुरक्षित वाटही दिली आहे : जवळचा खिळा वापरायचा आणि मूळ आकाराशी असलेला नेमका फरक जोडीला साठवायचा. पण लॉसी पद्धतीत तो फरक टाकून देतात. ‘जवळपास सारखा’ म्हणजे ‘सारखाच’ असं धरलं जातं. आता जवळपास म्हणजे किती जवळ?

याचं उत्तर २०१३ मध्ये जर्मनीत मिळालं. संगणकतज्ज्ञ डेव्हिड क्रिझेल यांच्याकडे एक तक्रार आली : झेरॉक्स वर्कसेंटरवर इमारतीचा नकाशा स्कॅन केला की खोल्यांचे आकडे बदलतात. मूळ कागदावर तीन खोल्यांची क्षेत्रफळं १४.१३, २१.११ आणि १७.४२ चौरस मीटर अशी होती. स्कॅनमध्ये तिन्ही खोल्या १४.१३ च्या झाल्या. अक्षर फाटलेलं नाही, पुसट नाही, डाग नाही. तिन्ही ठिकाणी स्वच्छ, सुवाच्य १४.१३. मोठी दिसणारी खोली आकड्यात लहान कशी, असा प्रश्न कोणाला तरी पडला म्हणून हे उघडकीला आलं. पुढे क्रिझेल यांनी आकड्यांच्या तक्त्यांवर प्रयोग केले. तिथे इंग्रजी आकड्यांतल्या सहाच्या जागी आठ येताना दिसला.

कारण वर सांगितलेलंच होतं. यंत्र जेबीआयजी२ वापरत होतं आणि लहान आकड्यांचे तुकडे एकसारखे समजून एकाच्या जागी दुसरा बसवत होतं. कंपनीची सुरुवातीची बाजू अशी होती की हे फक्त खालच्या दर्जाच्या सेटिंगवर घडतं. त्या सेटिंगपाशी अक्षरं बदलण्याच्या शक्यतेची सूचनाही दिलेली होती. क्रिझेल यांनी वरच्या दर्जाच्या सेटिंगवरही तेच घडतं हे दाखवून दिलं, आणि मग कंपनीने सॉफ्टवेअरची दुरुस्ती दिली. २०१५ मध्ये जर्मनी आणि स्वित्झर्लंडच्या नियामकांनी कायम जतन करायच्या कागदपत्रांत जेबीआयजी२ वापरायला मनाई केली.

प्रत्येक लॉसी एन्कोडर आकडे बदलतोच, असं माझं म्हणणं नाही. दोन आकार कितपत जुळले की एक मानायचे, हा उंबरठा कडक ठेवला तर धोका बराच कमी होतो. पण ऑप्टिमायझरच्या खिडकीत आपल्याला लॉसी हा एकच शब्द दिसतो, उंबरठा दिसत नाही. शिवाय झालेलं नुकसान डोळ्यांनी ओळखता येत नाही. जेपेगचा दर्जा फार खाली आणला की अक्षरांभोवती धुरकट कडा दिसतात आणि आपण सावध होतो. डाउनसॅम्पलिंग, म्हणजे पिक्सेल कमी करणं, जास्त झालं की आकडा वाचताच येत नाही. आपण मूळ कागद मागवतो. इथे तसा कोणताही इशारा मिळत नाही. आमच्या वाचकांनी भिंग लावून पाहिलं आणि अक्षरं ठसठशीत दिसली, ती दिसणारच होती. बसवलेला खिळाही ठसठशीतच असतो. प्रश्न तो त्याच जागेचा आहे का, हा आहे. आणि ते भिंगातून कळत नाही, मूळ कागदाशी ताडूनच कळतं.

आता आपल्या लिपीकडे वळतो, कारण मराठी कागदांच्या बाबतीत हे गणित आणखी बिघडतं. रोमन लिपीत बहुतेक अक्षरं सुटी असतात, म्हणून खिळ्यांची युक्ती तिथे चांगली फळते. देवनागरीत शिरोरेषा सहसा अख्खा शब्द जोडून टाकते. एन्कोडरला ‘सदस्याची’ हा शब्द एकच लांबलचक आकार दिसतो. तोच शब्द दुसरीकडे आला तरी स्कॅनच्या बारीकसारीक फरकांमुळे इतका मोठा आकार सहसा पुरता जुळत नाही आणि नवा साठवावा लागतो. म्हणजे मजकुरात बचत थोडी. पण आकड्यांना शिरोरेषा नसते! ताळेबंदात सुटे, लहान आणि पुन्हापुन्हा येणारे आकार म्हणजे आकडेच. म्हणून जुळवाजुळवीचा सगळा रोख आकड्यांवर येतो. २ आणि ३ यांच्यात फरक एका वळणाचा. १ आणि ९ यांची ठेवणही जवळची. जिथे बचत कमी तिथेच जोखीम जास्त. मराठी हिशेबाच्या पानाला हा सौदा परवडत नाही.

स्कॅन बारीक नसेल तर जोखीम वाढते. सात पॉइंटच्या टाइपला ३०० डीपीआयवर उभे जेमतेम २९ पिक्सेल मिळतात, २०० डीपीआयवर १९. ही टाइपची पूर्ण उंची झाली, आकडा स्वतः त्याहून ठेंगणा असतो. इतक्या थोड्या ठिपक्यांत २ आणि ३ मध्ये फरक करणारे ठिपके मोजकेच उरतात. म्हणून बारीक छापलेले तक्ते ४०० किंवा ६०० डीपीआयने स्कॅन करावेत. काळ्या-पांढऱ्यात ते फारसं महाग पडत नाही.

याच कुळातलं आणखी एक बटण आहे, डिस्पेकल. स्कॅन करणाऱ्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ते असतं. पानावरचे सुटे बारीक ठिपके पुसले की पान स्वच्छ दिसतं आणि फाइलही लहान होते, कारण प्रत्येक ठिपक्याला जागा लागते. पण यंत्राच्या लेखी धुळीचा कण, अनुस्वार आणि दशांश चिन्ह यांत फरक नसतो. बटण जोरात लावलं की ‘मंद’चा ‘मद’ होतो आणि साडेबारा रुपयांचे साडेबाराशे. मराठी मजकुराला हे बटण लावायचंच असेल तर सर्वांत सौम्य पातळीवर, आणि एखाद-दुसरं पान मूळ कागदाशी ताडून पाहिल्यावरच.

आधी तयार झालेल्या फायलींचं काय? पॉपलर हा मोफत साधनसंच उतरवून घ्या. त्यातल्या ‘पीडीएफइमेजेस’ या आज्ञेला ‘लिस्ट’ हा पर्याय जोडून फाइलचं नाव दिलं की पानागणिक चित्रांची यादी येते : रुंदी, उंची, रंगाचा प्रकार, पीपीआय, आकार. त्यातला ‘एन्क’ हा रकाना पाहा. तिथे ‘सीसीआयटीटी’ असेल तर या फायलीच्या कॉम्प्रेशनने काही गमावलेलं नाही. ‘जेपेग’ असेल तर पान ग्रेस्केल किंवा रंगीत आहे, त्याचे नियम मागे पाहिले. ‘जेबीआयजी२’ असेल तर थांबा. ते लॉसी आहे की लॉसलेस, हे ही यादी सांगत नाही. स्कॅन करताना कोणती सेटिंग होती हे माहीत नसेल तर मूळ कागद हाताशी घ्या आणि आकडे ताडा. सुरुवात बेरजांपासून करा. रकान्यातल्या रकमा मिळवून खालच्या एकुणाशी जुळतात का पाहणं ही सर्वांत जलद तपासणी आहे.

पुष्कळ जण विचारतात की जेबीआयजी२ असलेली फाइल घोस्टस्क्रिप्ट या प्रोग्रॅममधून पुन्हा काढली तर ती मोठी का होते. घोस्टस्क्रिप्ट जेबीआयजी२ वाचू शकतं, पण लिहीत नाही. काळी-पांढरी चित्रं ते ग्रुप ४ मध्ये बांधतं, म्हणून आकार वाढतो. त्यात बिघाड काही नाही. मात्र एकदा बदललेला आकडा अशा रूपांतराने परत येत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. ओसीआरचं, म्हणजे चित्रातून मजकूर ओळखण्याचंही तेच. लॉसी झालेल्या पानावर ओसीआर चालवलं तर ते बदललेलाच आकडा इमानाने वाचतं, आणि मग शोधातही चुकीचीच रक्कम सापडते. म्हणून ओसीआर मूळ स्कॅनवर आधी, आकार कमी करणं नंतर.

आता पत्राचं सरळ उत्तर. छापील ताळेबंद ३०० डीपीआयने, बारीक तक्ते ४०० किंवा ६०० ने, काळ्या-पांढऱ्यात. कॉम्प्रेशन सीसीआयटीटी ग्रुप ४ किंवा जेबीआयजी२ लॉसलेस. हाताने लिहिलेल्या, शाई फिकी पडलेल्या खतावण्या आणि रंगीत शिक्के किंवा सह्या असलेली पानं काळ्या-पांढऱ्यात घेऊच नका. तिथे ग्रेस्केल किंवा रंगीत स्कॅन करून मागे ठरवलेलं १५० पीपीआयचं डाउनसॅम्पलिंगही टाळा. डिजिटल सही असलेली पीडीएफ, मग तो सातबारा असो की लेखापरीक्षकाचा अहवाल, ऑप्टिमायझरमध्ये टाकू नका, कारण फाइल बदलली की सहीची पडताळणी होत नाही. आणि मूळ स्कॅनचा संच वेगळ्या डिस्कवर ठेवल्याशिवाय कोणतीही प्रत लहान करू नका. डिस्क पुन्हा विकत घेता येते. वाळवीने खाल्लेली खतावणी पुन्हा स्कॅन करता येत नाही.

पतसंस्था, गृहनिर्माण संस्था, शाळा, ग्रंथालयं यांच्या कपाटांतले कागद सध्या मोठ्या प्रमाणावर स्कॅन होत आहेत आणि बहुतेक ठिकाणी हे काम कंत्राटाने दिलं जातं. कंत्राटात डीपीआय लिहिलेला असतो, फाइलचा कमाल आकारही असतो. त्यात आणखी एक ओळ घालायचा आग्रह धरा : काळ्या-पांढऱ्या पानांना लॉसी जेबीआयजी२ चालणार नाही. आपल्या संस्थेत हे काम चालू असेल तर ‘पीडीएफइमेजेस’ची यादी एकदा काढून पाहा आणि काय आढळलं ते मला जरूर कळवा. पुढच्या आठवड्यात फॉन्ट.