भाजीवरचं कीटकनाशक कोळशाने निघतं का?

सुट्टीनंतर मुलांना लखनौला सोडायला आलेले पालक मला, रसायनशास्त्राचा शिक्षक म्हणून, एक प्रश्न हमखास विचारतात. "सर, भाज्यांवर हल्ली किती औषधं मारतात! पाण्याच्या फिल्टरमधला कोळसा धुवायच्या पाण्यात टाकला तर ती निघतील का?" प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी हा कोळसा काम कसं करतो ते पाहू.

नारळाची करवंटी किंवा लाकूड हवा न लागू देता तापवलं की कोळसा होतो. तो पुढे ८०० ते ९०० अंश सेल्सिअसला वाफेत तापवला की त्यात असंख्य सूक्ष्म छिद्रं पडतात. हा झाला सक्रिय कोळसा. त्याच्या एका ग्रॅमचा आतला पृष्ठभाग सुमारे १००० चौरस मीटर भरतो. कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटरचं, म्हणजे एका ग्रॅममध्ये सात मैदानांहून अधिक जागा! या पृष्ठभागाला कीटकनाशकाचे रेणू चिकटून बसतात. याला अधिशोषण म्हणतात.

कॅडेट मित्रांनो, हा कोळसा तुमच्या ओळखीचा आहे. एप्रिल १९१५ मध्ये बेल्जियममधील ईप्र शहराजवळ क्लोरीन वायूचा हल्ला झाला. त्याच वर्षी रशियन शास्त्रज्ञ निकोलाय झेलिन्स्की यांनी सक्रिय कोळशाचा गॅस मास्क तयार केला. आजच्या मास्कच्या डब्यातही कोळसाच असतो.

पाण्यासाठी तो उत्तम काम करतो. २००३ मध्ये दिल्लीच्या 'सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट'ने बाटलीबंद पाण्यात कीटकनाशकांचे अंश सापडल्याचं जाहीर केलं आणि देशभर खळबळ उडाली. त्यानंतर बाटलीबंद पाण्यासाठी कडक मर्यादा आली: एका कीटकनाशकाचं प्रमाण लिटरमागे ०.०००१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. म्हणजे एक कोटी लिटर पाण्यात फार तर एक ग्रॅम! पाणी एवढं शुद्ध करायला सक्रिय कोळशाचे थर कामी येतात.

भाजीचं मात्र वेगळं आहे. कोळसा फक्त त्याच्यापर्यंत पोहोचलेला रेणू पकडतो. सालीच्या मेणात मुरलेलं औषध पाण्यात उतरतच नाही. इमिडाक्लोप्रिडसारखी आंतरप्रवाही औषधं तर झाडाच्या रसातून आत गेलेली असतात. शिवाय कोळसा निवड करत नाही. प्रयोगशाळेत पालेभाजीचा नमुना तपासताना हिरवा रंग काढायला कार्बनची पूड वापरतात, पण ती काही कीटकनाशकंही ओढून घेते, म्हणून बेताने घालावी लागते. फळांच्या रसात कोळसा घातला तर रंग आणि स्वादही जातो. म्हणून भाजीच्या टोपात कोळसा टाकून काही साधत नाही.

मग करायचं काय? भाजी वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. कोबीची वरची पानं काढून टाका. जिथे चालेल तिथे साल काढा. पण खरा उपाय शेतातच आहे. शेवटची फवारणी आणि तोडणी यांत किती दिवस सोडायचे ते औषधाच्या माहितीपत्रकावर दिलेलं असतं. ते पाळलं की औषधाचा बराचसा भाग आपोआप विघटित होतो. शेतकरी घरातल्या मुलांनी हे घरी जरूर सांगावं.

आपल्याच शहरात १९६५ पासून भारतीय विषविज्ञान अनुसंधान संस्था आहे. विषशास्त्रात करिअर करता येतं, हे बारावीच्या मुलांनी ध्यानात ठेवावं.

शेवटची गोष्ट मेस कमिटीच्या कॅडेटसाठी. कोळसा विष नष्ट करत नाही, धरून ठेवतो. जागा भरली की पुढचं विष सरळ पाण्यातून पलीकडे जातं, आणि जुन्या कोळशात जिवाणूही वाढतात. पाण्याची चव किंवा रंग पाहून हे कळत नाही. म्हणून कूलरच्या फिल्टरवर काडतूस बदलल्याची तारीख लिहिली आहे का, ते या आठवड्यात तपासा. तारीख नसेल तर मेस हवालदारांना सांगून काडतूस बदलून घ्या आणि नवी तारीख ठळक लिहा.