हाली रुपयाचे खरे मोल

अफझलगंजातील कित्येक पेढ्यांच्या तिजोऱ्यांत वडिलोपार्जित हाली रुपये असतील. त्यांवरील चारमिनारच्या कमानीत ‘मीम’ हे अक्षर असल्यास नाणे मीर महबूब अली खान यांचे, ‘ऐन’ असल्यास मीर उस्मान अली खान यांचे समजावे. सात हाली रुपयांस सहा कलदार, असा त्या काळचा हिशेब होता. आज संग्राहक केवळ चांदी तोलीत नाहीत. हिजरी सनाची दुर्मिळता व छापाची स्पष्टता पाहतात. अमेरिकेत मिकी मँटल या बेसबॉलपटूचे १९५२ सालचे कागदी चित्रपत्रक २०२२ मध्ये १ कोटी २६ लक्ष डॉलरांस विकले गेले, ते मुख्यतः त्याच्या उत्तम स्थितीमुळे. यास्तव बंधुभगिनींनी जुनी नाणी चिंचेने घासू नयेत व जाणकारास दाखविल्यावाचून आटवू नयेत. आटविलेले नाणे पुन्हा घडत नाही.